खात्यावर पैसे आले, पण कशाचे?

२०२५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमचे अण्णा, म्हणजे माझे धाकटे चुलते, सकाळच्या एसटीने मोहोळहून सोलापुरात आले आणि चहाही न घेता आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक काढलं. "आरं, पैसं आल्यात. पण कशाचं आल्यात ते कुणी सांगंना."

मी एका अकाउंटंटच्या हाताखाली बरीच वर्षं काम करतो, त्यामुळे गावाकडची पासबुकं माझ्याकडे येतात. त्यातल्या नोंदी म्हणजे नुसती आद्याक्षरं आणि आकडे, बँकेतल्या कॅशियरलाही विचारलं तर तो म्हणतो, "सरकारी जमा आहे काका." अण्णांची पाच एकर जमीन आहे, सीना नदीपासून हाकेच्या अंतरावर. दोन एकर सोयाबीन, एक एकर ऊस, अर्धा एकर डाळिंब, उरलेल्यात कांदा, आणि रब्बीला जमेल तेवढी ज्वारी. त्यांच्या पासबुकात एका जागी २,००० होते, एका जागी ६,८००. ६,८०० वर बोट ठेवून अण्णा म्हणाले, "हा इमा आला बघ."

तो विमा नव्हता. आणि हा घोळ फक्त अण्णांचा नाही. पीक विमा, पुराची मदत, किसानचा हप्ता, कर्जावरची व्याजसवलत, हमीभाव या सगळ्याला गावात एकच नाव आहे, 'सरकारचं आलं'. प्रत्यक्षात यातली प्रत्येक योजना वेगळ्या संकटासाठी आहे, तिचा हिशोब वेगळा आहे आणि एकीकडून दुसरीचं काम होत नाही.

सोपी नोंद आधी. २,००० म्हणजे किसानचा हप्ता. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० केंद्राचे, तीन हप्त्यांत. त्यात २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे तेवढेच, म्हणून दोन्ही मिळून वर्षाला १२,०००. पीक आलं काय, बुडालं काय, हप्ता तेवढाच. जोखमीशी त्याचा फारसा संबंध नाही. खताची चार पोती आणायला उपयोग होतो, एवढंच.

आता ६,८००. सप्टेंबरच्या शेवटी सीनेला पूर आला तेव्हा माढा, करमाळा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतली नदीकाठची शेतं पाण्याखाली गेली. अण्णांचं सोयाबीन काढणीला आलं होतं. पाणी ओसरल्यावर मी गेलो होतो तेव्हा शेंगा झाडावरच काळ्या पडल्या होत्या आणि काहींमधून कोंब बाहेर आले होते. तलाठी आणि कृषी सहायक येऊन पंचनामा करून गेले. आपत्तीत ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं की मदतीला पात्र, हा ठरलेला निकष. दर केंद्राच्या आपत्ती निधीच्या नियमांचे: कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेसारख्या बारमाही पिकाला २२,५००. दोन एकर म्हणजे ०.८० हेक्टर. ०.८० गुणिले ८,५००, बरोबर ६,८००. कॅल्क्युलेटरवर आकडा जुळला तेव्हा अण्णांना विम्याचे पैसे न आल्याचं दुःख झालं की हिशोब कळल्याचा आनंद, ते मला कळलं नाही.

त्या पुरानंतर ७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात रब्बीच्या बियाण्यासाठी व इतर खर्चासाठी हेक्टरी १०,००० जास्तीचे होते. वर्तमानपत्रांत कोरडवाहूला १८,५००, हंगामी बागायतीला २७,०००, बागायतीला ३२,५०० असे आकडे आले ते असे: मूळ दर अधिक दहा हजार. मर्यादा तीन हेक्टरपर्यंत. हे जास्तीचे पैसे अण्णांना अजून यायचे होते.

ही मदत तुमच्या गट नंबरावरच्या नुकसानीची असते. तुमचं शेत बुडालं, पंचनामा झाला, तर मिळते. त्यासाठी तुम्ही आधी काही भरलेलं नसतं, त्यामुळे ती हक्काच्या कराराची नाही. नैसर्गिक आपत्ती आली तर सरकार निकषांप्रमाणे देतं. आणि ती खर्चाच्या मानाने तोकडीच असते. दोन एकर सोयाबीनचं बियाणं, खत, फवारणी, खुरपणीची मजुरी धरली तर ६,८०० कुठल्या कुठे जातात.

"मग इमा कुठाय?" अण्णा.

विम्याचा हिशोब अजून व्हायचा होता. इथे मात्र सावकाश जायला हवं, कारण गावात सगळ्यात जास्त शिव्या या योजनेला बसतात आणि त्यातल्या निम्म्या चुकीच्या जागी बसतात.

प्रधानमंत्री पीक विमा योजना खरीप २०१६ पासून आहे. शेतकऱ्याने विमा रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी आणि फळपिकांना ५ टक्के भरायचे. खरा हप्ता याहून बराच मोठा असतो, तो फरक केंद्र आणि राज्य भरतं. कर्जदार शेतकऱ्याला विमा सक्तीचा होता, तो २०२० पासून ऐच्छिक झाला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये शेतकऱ्याचाही वाटा उचलला आणि एक रुपयात विमा आला. त्यात शेती नसलेल्या जमिनींवरही विमे निघाले, बोगस अर्जांची प्रकरणं उघडकीला आली, आणि खरीप २०२५ पासून ती सवलत बंद झाली. म्हणजे अण्णांनी या वर्षी पुन्हा २ टक्के भरले होते, म्हणूनच त्यांचा जीव त्यात जास्त अडकला होता. फुकट मिळालेल्या कागदाची आठवण कुणी ठेवत नाही.

विमा कंपनी तुमच्या शेताकडे बघत नाही, मंडळाकडे बघते. महसूल मंडळ म्हणजे काही गावांचा गट. त्या मंडळात त्या पिकाचं सरासरी उत्पन्न किती आलं हे कापणी प्रयोगातून, म्हणजे काही शेतांतला आखलेला चौकोन कापून, वजन करून काढतात आणि ते ठरलेल्या पातळीच्या खाली गेलं तरच भरपाई. ही पातळी म्हणजे उंबरठा उत्पन्न.

ते कसं निघतं, ते मी अण्णांना चहाच्या पुठ्ठ्यावर लिहून दाखवलं. आकडे मनाचे आहेत, रीत खरी आहे. समजा, मंडळात सोयाबीनचं मागच्या सात वर्षांचं हेक्टरी उत्पन्न क्विंटलमध्ये असं: १४, ६, १५, १२, १६, ५, १३. यातली दोन सर्वांत वाईट वर्षं सोडायची, म्हणजे ६ आणि ५ गेली. उरलेल्या पाचांची बेरीज ७०, सरासरी १४. त्यावर जोखीमस्तर, म्हणजे सरासरीच्या किती टक्क्यांपर्यंत संरक्षण, तो लावायचा. आपल्या राज्यात तो ७० टक्के. म्हणजे उंबरठा ९.८ क्विंटल. यंदा कापणी प्रयोगांत मंडळाची सरासरी ७ आली तर तूट २.८ ची. २.८ भागिले ९.८, साधारण २८.५७ टक्के. विमा रक्कम हेक्टरी ५०,००० धरली, तर भरपाई हेक्टरी १४,२८६ च्या आसपास. शेतकऱ्याने त्यासाठी भरलेले असतात १,०००.

आता दुसरी बाजू. मंडळाची सरासरी १० आली, तर ती ९.८ च्या वर आहे. भरपाई शून्य. आणि ती शून्य सगळ्यांना, ज्याच्या शेतात कमरेएवढं पाणी होतं त्यालाही.

"म्हंजी माझं बुडलं तरी?"

हो, तुमचं बुडलं तरी. नदीकाठची चार गावं वाहून गेली आणि माळावरच्या आठ गावांत पीक झक्कास आलं, तर मंडळाची सरासरी माळावरच्यांच्या बाजूने झुकते. उलटही होतं: तुमच्या विहिरीच्या पाण्यावर पीक तगलं आणि मंडळ दुष्काळात गेलं, तर तुम्हाला नुकसान नसताना पैसे मिळतात. दुष्काळाचं संकट सगळ्यांवर सारखं येतं, म्हणून ही पद्धत दुष्काळाला बऱ्यापैकी लागू पडते. पूर, गारपीट, ढगफुटी ही संकटं शिवाराशिवारात वेगळी असतात, तिथे ती फसते. सोलापूर हा पिढ्यान्‌पिढ्यांचा दुष्काळी जिल्हा. या योजनेचा साचा आपल्या नेहमीच्या संकटाला बरा आहे. २०२५ मध्ये संकटच वेगळं आलं.

पूर्वी या फटीवर इलाज होता. स्थानिक आपत्तीने नुकसान झालं की ७२ तासांत कळवायचं, मग तुमच्या एकट्याच्या शेताची पाहणी होऊन भरपाई मिळायची. काढणीनंतर शेतात सुकायला टाकलेलं पीक भिजलं तरी तसंच. पेरणीच झाली नाही तर त्याचंही एक कलम होतं. खरीप २०२५ पासून महाराष्ट्राने ही जास्तीची कलमं काढली आणि फक्त कापणी प्रयोगावर आधारित भरपाई ठेवली. अण्णांनी पाण्यातून जाऊन मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते, ७२ तास मोजत. त्या फोटोंचा विम्यासाठी या वर्षी काही उपयोग नव्हता. माझ्या मते ही काटछाट चुकीच्या वर्षी झाली. एक रुपयाची खिरापत बंद करणं समजू शकतं, पण तिच्याबरोबर छत्रीच्या काड्या कशाला काढल्या? नान्नजकडच्या आमच्या पाहुण्यांची तक्रार आणखी वेगळी, काळविटांच्या कळपांची. वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान खरीप २०२६ पासून या योजनेत घेता येईल असं केंद्राने जाहीर केलं आहे, पण त्यासाठी राज्याने ते अधिसूचित करावं लागतं.

कापणी प्रयोग मी एकदा जवळून पाहिला आहे. कुठल्या गटात करायचा आणि शेताच्या कुठल्या भागात चौकोन आखायचा, हे आधीच ठरलेल्या आकड्यांवरून निघतं. कुणाच्या मर्जीवर नाही. कृषी सहायकाने पावलं मोजली, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. विमा कंपनीचा पोरगा मोबाइलवर फोटो काढत होता. शेताचा मालक तीनदा म्हणाला, "साहेब, त्या कोपऱ्यात घ्या की, तिथं पीक पार गेलंय." साहेब हसले आणि दोरी होती तिथेच राहिली. आतलं पीक कापलं, मळलं, वजन केलं, आकडा भरला. मंडळात एका पिकाचे असे निदान दहा प्रयोग. या दहा चौकोनांवर मंडळातल्या सगळ्या विमाधारकांचा हिशोब ठरतो. सोयाबीन, कापूस, भात या पिकांत आता उपग्रहावरून काढलेल्या अंदाजालाही वजन दिलं जातं.

"कंपनीच समदं खाती" हे वाक्य अण्णांनी इथे टाकलंच. राज्यात यासाठी बीड पॅटर्न आहे. जमा हप्त्याच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी भरपाई द्यावी लागली, तर कंपनीने २० टक्क्यांपर्यंत स्वतःकडे ठेवायचं आणि बाकी राज्याला परत करायचं. ११० टक्क्यांच्या वर गेली तर वरचा भार राज्याने घ्यायचा. म्हणजे चांगल्या वर्षी कंपनीला सगळं गिळता येत नाही आणि वाईट वर्षी ती बुडतही नाही. वीस टक्के जास्त की कमी, यावर भांडता येईल.

डाळिंबाचा विमा तर आणखी निराळा. सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, पण विम्याला तुमच्या बागेतलं फळ दिसतच नाही. हवामान आधारित फळपीक विम्यात मंडळातलं हवामान केंद्र बघतात: ठरलेल्या तारखांत ठरलेल्यापेक्षा जास्त पाऊस, आर्द्रता किंवा तापमान नोंदलं गेलं, की पैसे आपोआप निघतात. कापणी नाही, पंचनामा नाही. यात अर्ज करताना बहार, म्हणजे बाग फुलण्याचा हंगाम, बघून घ्यायचा, मृग की आंबिया, आणि गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरूनच मिळतं. तेल्या हा डाळिंबाचा रोग आला म्हणून कुणी विमा देत नाही. तेल्या येण्यासारखं दमट हवामान त्या यंत्रात नोंदलं गेलं, तर कदाचित मिळतो.

सोसायटीच्या कर्जाबद्दल थोडं. अण्णा त्याला मदत मानतच नाहीत, "फेडायचंच हाय की." पण सरकारची सगळ्यात नियमित मदत बहुधा हीच आहे. पीक कर्जाचा दर ७ टक्के. मुदतीत फेडलं तर ३ टक्के केंद्राकडून सुटतात, आणि राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उरलेलंही. ३ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज शून्य. सावकाराकडून महिना दोन रुपये शेकड्याने एक लाख घेतले तर वर्षाला २४,००० व्याज होतं. तेवढे वाचतात. अट एकच, तारीख चुकवायची नाही. म्हणून मार्चअखेरीला गावागावांत 'नवं-जुनं' चालतं: चार दिवसांसाठी पाहुण्याकडून पैसे आणून जुनं कर्ज फेडायचं, नवं उचलून पाहुण्याचे परत करायचे. कागदावर कर्ज फिटलेलं, प्रत्यक्षात जिथल्या तिथे. २०१७ ची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी थकबाकीदारांना मिळाली. वेळेवर फेडणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं, ते नंतर. अण्णा फेडणाऱ्यांतले. त्यांच्या मनातली ती सल पंधरा मिनिटं चालली, ती इथे लिहीत नाही.

इथपर्यंतचं सगळं पीक येणं-न येणं आणि पैसा वेळेला हाती असणं याबद्दल होतं. भावाचा धोका या सगळ्याच्या बाहेर राहतो. पीक विमा भावाकडे ढुंकूनही बघत नाही. भरघोस पिकलं आणि भाव पडला, तर विम्याच्या दृष्टीने तुमचं वर्ष उत्तम गेलं.

भावाची खरी हमी आपल्या जिल्ह्यात फक्त उसाला आहे. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापुरात, आणि एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, कारखान्याने देणं कायद्याने बंधनकारक. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून तेवढी साखर निघाली तर, टनाला ३,५५०; उतारा कमी तर दर कमी, आणि तोडणी-वाहतूक त्यातून वजा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के व्याज. ते व्याज अण्णांना कधी मिळालं का, हे विचारायच्या आत ते हसले. तरीही शेवटी आज ना उद्या पैसे येतात, म्हणून दुष्काळी जिल्ह्यात माणूस ऊस लावतो. त्याला पाण्याचा उधळ्या म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशोब बघावा: भाव आधी माहीत असलेलं पीक सोडून तो कशाला दुसरं लावेल?

सोयाबीन, तूर, हरभरा यांना हमीभाव आहे, पण तो जाहीर होणं वेगळं आणि मिळणं वेगळं. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८, तुरीचा ८,०००. बाजार खाली असेल तर खरेदी केंद्रावर नोंदणी करायची, सातबाऱ्यावर ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून केलेली पिकाची नोंद, असायला हवी, सोयाबीनची ओल १२ टक्क्यांच्या आत हवी. पुरात भिजलेलं सोयाबीन त्या यंत्रात टाकलं की काटा काय दाखवतो ते सांगायला नको. मग माणूस आडतीवर जातो.

त्यापेक्षा कमी माहीत असलेली, पण मला आवडणारी एक सोय म्हणजे पणन मंडळाची शेतमाल तारण योजना. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल घ्यायची, ६ टक्के व्याज, १८० दिवस. दहा क्विंटल तूर ७,००० भावाने ७०,००० ची. उचल ५२,५००, सहा महिन्यांचं व्याज १,५७५. तेवढ्या काळात क्विंटलमागे १५८ रुपये वाढले तरी व्याज निघालं. सुगीत सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव कोसळतो, त्या गर्दीतून एवढ्यानेच बाजूला होता येतं. भाव आणखी पडण्याची जोखीम मात्र आपलीच.

मग अण्णांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती. "ह्याला कुठलं कलम?"

कांद्याला हमीभाव नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात दोन रुपयांचा चेक आला. देशभर त्याचे फोटो फिरले. त्यानंतर सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, २०० क्विंटलपर्यंत, १ फेब्रुवारी ते ३१ मार्चमधल्या विक्रीला. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नसलेले कितीतरी त्यात अडकले. आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला भाव चढल्यावर केंद्राने निर्यातच बंद केली, ती पुढच्या मे महिन्यापर्यंत. मग ४० टक्के शुल्क, मग २०, ते १ एप्रिल २०२५ ला उठलं. बाकी पिकांत पाऊस जोखीम आणतो आणि सरकार सावरतं. कांद्यात ही दोन्ही कामं बऱ्याचदा सरकारच करतं. शहरातल्या ग्राहकाला भाव टोचू लागला की दार बंद. त्यावर विमा कुठलीच कंपनी काढत नाही.

हे ऐकून अण्णा काही बोलले नाहीत. मी पासबुकात नोंदींपुढे पेन्सिलने लिहून दिलं: किसान, पूर. विम्यापुढे लिहायला नोंदच नव्हती. कांद्याची पट्टी त्यांनी पुन्हा घडी घालून मागच्या पानात ठेवली. एसटी स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा मोहोळची गाडी लागलेली होती. पायरीवर पाय ठेवून ते वळले.

"आपल्या मंडळात कापणीचा आकडा किती निघाला, ते कुणाला इचारायचं?"

कृषी सहायकाला, म्हटलं. त्याचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. तो शोधून मी संध्याकाळी पाठवला.